खानदेश पाहावा, पण ऊन ओळखून

अजिंठ्याकडे निघालेले बहुतेक रेल्वेप्रवासी जळगावला उतरतात, लेणी पाहतात आणि परतीची गाडी पकडतात. वास्तविक जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत दोन-तीन दिवस सहज रमता येईल. मात्र ऋतू, वार आणि अंतरे यांचा मेळ आधी घातला पाहिजे. अन्यथा सहलीची शिक्षा होण्यास वेळ लागत नाही.

केव्हा जावे?
उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचे सखल खोरे, अशी येथील रचना आहे. समुद्राचा गारवा येथवर पोचत नाही आणि पिके निघाल्यावर काळी जमीन उघडी पडते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हा प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या अखेरच्या आठवड्यात माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रवासासाठी सर्वोत्तम काळ. हिरवे डोंगर पाहायचे असल्यास ऑगस्ट-सप्टेंबर निवडावा.

कोरडे ऊन फसवे
मुंबईकराला घामाने भिजण्याची सवय असते. खानदेशातील हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते, की घाम येताच वाळतो आणि शरीरातील पाणी घटत असल्याचे लक्षातच येत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या-थोड्या वेळाने पाणी प्यावे. क्षारसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. येथील माणूस उन्हात डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे पाहुण्यानेही ध्यानात ठेवावे. दुपारी १२ ते ४ या वेळेत भटकंती टाळावी.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही धोक्याची सूचना होय. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा व्यक्तीस तत्काळ सावलीत न्यावे, अंग पाण्याने ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

कसे जावे?
जळगाव हे मध्य रेल्वेच्या मुंबई-भुसावळ मार्गावरील मोठे स्थानक आहे. सुरतहून नंदुरबार, अमळनेरमार्गे येणारा लोहमार्गही येथेच मिळतो. धुळ्याला रेल्वेने जायचे तर चाळीसगावहून फाटा आहे. तथापि जळगावहून सुमारे ९५ किलोमीटरचा रस्ता एसटीने गाठणे अधिक सोयीचे.

अजिंठा जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. लेणी सोमवारी बंद असतात. ही एक गोष्ट विसरल्याने अनेकांचा हेलपाटा होतो. खासगी वाहने फर्दापूरजवळच्या फाट्यावर ठेवावी लागतात. तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर अंतर बसने पार करायचे असते. पायऱ्या आणि चढ असल्याने सकाळीच पोचावे.

काय पाहावे?
चाळीसगावपासून जवळ, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवीचे प्राचीन मंदिर आहे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. मुक्ताईनगर परिसरात संत मुक्ताबाईंचे स्थान असून तापी-पूर्णा संगमावर चांगदेवाचे देखणे मंदिर आहे. जळगावजवळ जैन हिल्स येथे २०१२ मध्ये 'गांधी तीर्थ' हे संग्रहालय सुरू झाले. दुपारचे ऊन टाळण्यास ते उत्तम ठिकाण.

धुळ्यात इतिहासप्रेमींनी राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर चुकवू नये. हस्तलिखितांचे मोठे भांडार येथे जपले आहे. ती पाहायची असल्यास आधी चौकशी करून जावे. शहराच्या दक्षिणेस महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. तो चढायला पहाटेच निघावे, कारण वाटेवर सावली बेताचीच.

जेवणाचे काय?
शेवभाजी बारमाही मिळते. तिचा तिखटपणा सोसवेल का, हे आधी विचारावे. कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत ही मात्र थंडीतील मेजवानी. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून शेतात होणाऱ्या भरीत पार्टीचे आमंत्रण मिळाले, तर परतीचे तिकीट एक दिवस पुढे ढकलण्यास हरकत नाही.