वीकनेसच्या रकान्यात काय लिहिलंत?

मार्च संपत आला की ऑफिसात एक मेल येऊन पडतो. सेल्फ अप्रेझलचा फॉर्म! स्ट्रेंग्थचा रकाना आपण झरझर भरतो. टीम प्लेअर, क्विक लर्नर, वगैरे वगैरे. मग येतो वीकनेसचा रकाना. इथे कर्सर नुसता लुकलुकत राहतो. आपण कॉफी मशीनपाशी एक चक्कर मारून येतो आणि टाइप करतो, 'मी परफेक्शनिस्ट आहे. कामात जरा जास्तच गुंतून जातो.'

खरं सांगा, तुम्हीही असंच काहीतरी लिहिलंत ना? म्हणजे वीकनेस निवडायचा तोही असा, की वाचून बॉसनं पगार वाढवावा!

मी चार वर्षं हेच लिहीत होतो. चक्क कॉपी-पेस्ट. पाचव्या वर्षी टीममधल्या एका मुलीनं राजीनामा दिला. सॉलिड हुशार मुलगी. 'जास्त पॅकेज मिळालं असणार,' असं मी सगळ्यांना सांगितलं. सेंड-ऑफला केक कापताना छोटंसं भाषणही ठोकलं. दोन महिन्यांनी एका मित्राकडून कळलं, की पॅकेज जवळपास तेवढंच होतं. ती गेली होती माझ्यामुळे. रात्री जागून तिनं केलेलं प्रेझेंटेशन मी क्लायंटसमोर 'हे मी केलंय' म्हणून दाखवलं होतं. आणि हे तीनदा झालं होतं.

गंमत म्हणजे, मला यातलं काही आठवतच नव्हतं. ते काम आपलंच आहे, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

सगळेच ॲव्हरेजच्या वर!

स्वतःबद्दल अशी गफलत करणारा मी एकटा नाही, एवढाच काय तो दिलासा. १९८१ साली ओला स्वेन्सन या संशोधकानं अमेरिका आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं, इतरांच्या तुलनेत तुमचं ड्रायव्हिंग कसं आहे? ९३ टक्के अमेरिकन आणि ६९ टक्के स्वीडिश विद्यार्थ्यांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. आता निम्म्या जागेत ९३ टक्के कसे मावणार? (संध्याकाळी सात वाजता कर्वे रोडवर हाच प्रश्न विचारून बघा. १०० टक्के येतील!)

बरं, शांत बसून विचार करू म्हटलं, तर तेही जमत नाही. टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकट्यानं विचार करत बसायचं. मोबाइल नाही, पुस्तक नाही. हाताशी फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळायला आपण पैसेसुद्धा देऊ, असं ही मंडळी आधी सांगून बसली होती. तरीही १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी बटण दाबलंच. स्वतःसोबत बसण्यापेक्षा शॉक परवडला!

चार काचांची खिडकी

मग स्वतःला ओळखायचं कसं? जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये एक साधा फंडा मांडला. जो आणि हॅरी, म्हणून नाव 'जोहरी विंडो'. (आपल्याकडच्या जोहरीशी संबंध नाही, पण पारख इथेही आहेच.)

एका चौकोनी खिडकीला चार काचा आहेत, अशी कल्पना करा. पहिल्या काचेतलं तुम्हालाही दिसतं आणि इतरांनाही. दुसरीतलं फक्त तुम्हाला माहीत, कारण ते तुम्ही झाकून ठेवलंय. तिसरीतलं सगळ्यांना दिसतं, फक्त तुम्हाला नाही. हा ब्लाइंड स्पॉट. चौथीतलं अजून कुणालाच ठाऊक नाही.

आत्मपरीक्षण म्हटलं की आपण डोळे मिटून दुसऱ्या काचेपाशी बसतो. पण माझं प्रेझेंटेशन प्रकरण तिसऱ्या काचेत होतं. ती काच आतून पुसता येत नाही, बॉस! बाहेरच्या माणसाला बोलवावंच लागतं.

आणि दुसऱ्या काचेचं काय? तिच्यासाठीही समोर माणूस लागतो. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये एक प्रसंग सांगितलाय. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. कर्ज फिटलं, पण मन खाऊ लागलं. पुन्हा चोरी करणार नाही, असं मनातल्या मनात ठरवून विषय मिटवता आला असता. त्यांनी कबुलीची चिठ्ठी लिहिली आणि आजारी वडिलांच्या हातात दिली, शिक्षाही मागितली. वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली.

मी विचारलं, तेव्हा

मी तिघांना विचारलं. माझं काय खटकतं? शेजारच्या डेस्कवरचा मित्र म्हणाला, ''समोरचा बोलत असताना तू ऐकत नसतोस रे. तुझं पुढचं वाक्य जुळवत असतोस.'' बायको म्हणाली, ''सॉरी म्हणतोस, पण त्याच्यामागून 'पण' येतोच.'' आई म्हणाली, ''लहानपणी हरायला लागलास की कॅरम उधळायचास. आता कॅरम नाही, एवढंच.''

तिघांनाही मी लगेच स्पष्टीकरण द्यायला लागलो. मग लक्षात आलं, अरे, हेच तर ते सांगतायत!

त्या मुलीला मी मेल पाठवला. चार ओळींचा. 'पण' न लिहिता. उत्तर आलं नाही. येईल असंही नाही. या वर्षीच्या फॉर्मात मात्र मी लिहिलं, 'दुसऱ्याच्या कामाचं श्रेय मी नकळत स्वतःकडे घेतो.' बॉसनं वाचलं, भुवया उंचावल्या आणि म्हणाला, ''हे लिहायलाच हवं होतं का?''

इन्क्रिमेंट? जेमतेम! पण परवा क्लायंटसमोर 'मी केलं' अगदी ओठांवर आलं होतं. थांबलो आणि ज्युनिअरचं नाव घेतलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

करून बघा

* तीन माणसं निवडा: एक ऑफिसातलं, एक घरचं, एक जुना दोस्त.
* 'मी कसा आहे?' असं विचारलंत तर 'मस्त आहेस' एवढंच ऐकायला मिळेल. 'माझी कुठली सवय तुला खटकते?' असं नेमकं विचारा.
* उत्तर ऐकताना तोंड बंद. खुलासा, जोक, 'पण'... सगळ्यावर बंदी.
* दोघांनी वेगवेगळं असताना एकच गोष्ट सांगितली, तर ती लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचा वीकनेसचा रकाना भरला म्हणून समजा!