चुकलेला पत्ता आणि जाहिरातीचे पान
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



सातबारा, पीक विमा, पी. एम. किसान, बँकेचे खाते अशी बरीच कामे आता घरबसल्या मोबाईलवर होतात. वेबसाईटचा पत्ता टाइप करताना एखादे अक्षर इकडेतिकडे होतेच. अशा वेळी पुढे काय होते, आणि खरे म्हणजे काय व्हायला पाहिजे, याची माहिती प्रत्येकाला असावी म्हणून हा लेख.

आपल्या नोंदीचेच उदाहरण घ्या. ऊस नोंद रजिस्टरला सभासदाचे नाव, गट नंबर, लागणीची तारीख, जात व क्षेत्र लिहिलेले असते. एखाद्याने चुकीचा गट नंबर सांगितला तर गट ऑफिसचा क्लार्क म्हणतो, "या नंबरची नोंद नाही." सभासद कागद पुन्हा बघतो, आकडा दुरुस्त करतो, काम होऊन जाते. आता समजा, क्लार्कने "नोंद नाही" न सांगता त्याला कोपऱ्यावरच्या खताच्या दुकानात धाडले आणि दुकानदाराकडून त्याचे पैसे घेतले, तर? वार्षिक सभेत कोणी गप्प बसेल काय?

इंटरनेटवरही असेच एक रजिस्टर असते. त्याला डोमेन नेम सिस्टीम, थोडक्यात डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये त्याची रचना मांडली. आपण नाव टाइप करतो, आणि डीएनएस त्या नावाचा नंबर शोधून देते. मग फोन त्या नंबरच्या मशीनशी जोडला जातो. नाव नोंदलेले नसेल तर "असे नाव नाही" हे ठरलेले उत्तर यायला पाहिजे. आपल्याला इंटरनेट देणारी कंपनी बहुधा हे उत्तर आणून देण्याचे कामही करते. गडबड होते ती इथे. "नाही" हे उत्तर दाबून कंपनी आपल्याच जाहिरातीच्या पानाचा नंबर पुढे करते. ग्राहकाने त्या पानावर बोट लावले की कंपनीला पैसे मिळतात.

याचा सर्वांत मोठा प्रकार अमेरिकेत घडला. 'डॉट कॉम' व 'डॉट नेट' या नावांचे मूळ रजिस्टर व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे. १५ सप्टेंबर २००३ रोजी तिने 'साइट फाइंडर' सुरू केले. जगात कोणीही न नोंदलेले डॉट कॉम नाव टाइप केले की तो व्हेरिसाइनच्या पानावर जाऊ लागला. मूळ रजिस्टरच बदलल्यामुळे आपल्या देशातला माणूसही त्यातून सुटला नाही.

नुकसान नुसत्या जाहिरातीचे नव्हते. खोट्या पत्त्यावरून आलेली टपाले अडवणाऱ्या काही यंत्रणा आधी पाठवणाऱ्याचे नाव अस्तित्वात आहे का ते बघत. आता प्रत्येक नावाला "आहे" असेच उत्तर येऊ लागल्यावर त्या चाळणीचा उपयोग काय? आपल्या रजिस्टरने प्रत्येक गट नंबरला "नोंद आहे" म्हटले तर तोडणी कार्यक्रमाचे काय होईल, याचा विचार करा, म्हणजे लक्षात येईल. बाइंड हे डीएनएसचे सॉफ्टवेअर करणाऱ्या संस्थेने थोड्याच दिवसांत यावर उपाय काढून दिला. नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ३ ऑक्टोबरला व्हेरिसाइनला निर्वाणीचे पत्र दिले आणि दुसऱ्या दिवशी साइट फाइंडर बंद झाले.

मूळ रजिस्टर सुधारले, तरी मधल्या कंपन्यांनी धडा घेतला नाही. अमेरिकेतील अर्थलिंक या कंपनीने चुकलेले पत्ते बेअरफ्रूट नावाच्या जाहिरात कंपनीकडे वळवले. २००८ च्या एप्रिलमध्ये डॅन कामिन्स्की या सुरक्षा तज्ज्ञाने दाखवून दिले, की बेअरफ्रूटच्या मशीनमधील एका दोषामुळे नामांकित वेबसाईटच्या नावाखाली लबाडाला स्वतःचे पान दाखवता येते. पत्त्याच्या जागी नाव खरे, पान मात्र चोराचे! तो दोष दुरुस्त झाला. पण जाहिरातीसाठी मधे घातलेला माणूस चोराला दार कसे उघडून देतो, ते सर्वांना कळले.

कंपन्यांचे म्हणणे असे, की ही ग्राहकाला मदत आहे. कोरडे "नाही" ऐकण्यापेक्षा चार पर्याय दिसलेले बरे. यात तथ्य नाही असे नाही. पण ती मदत फोनमधला ब्राउझरही करू शकतो, त्यासाठी उत्तर बदलावे लागत नाही. कॉमकास्ट कंपनीने २००९ मध्ये अशीच सेवा सुरू करताना "नको असेल त्याने बंद करून घ्यावी" अशी सोय ठेवली. पण आधी विचारणे वेगळे आणि आधी करून मग "नको असेल तर कळवा" म्हणणे वेगळे. संमतीपत्र नसताना ऊसबिलातून कपात झाली तर आपण काय म्हणतो? पुढे डीएनएसच्या उत्तरावर सही-शिक्क्यासारखी खूण करण्याची पद्धत आली. बदललेले उत्तर या पद्धतीत बसेना, म्हणून जानेवारी २०१२ मध्ये कॉमकास्टने ती सेवा बंद केली.

आता आपण काय करावे?

१) तपासणी करा. ब्राउझरमध्ये एखादे अर्थहीन लांब नाव लिहून शेवटी डॉट कॉम लावा. पान सापडत नाही असे आले तर उत्तर प्रामाणिक आहे. जाहिरातींचे पान आले तर पत्ता कोणीतरी वळवत आहे असे समजा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेकडे ते बंद करण्याची मागणी नोंदवा.

२) अँड्रॉइड ९ व त्यानंतरच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' हे सेटिंग असते. त्यात गूगल किंवा क्लाउडफ्लेअर यांची डीएनएस सेवा लावता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

३) सरकारी कामाच्या पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असा आहे का ते पाहा. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर येण्यास सांगितले होते. तो शेवट डोळ्यांखालून घाला.

४) नेहमीचे पत्ते एकदा बरोबर टाइप करून ब्राउझरमध्ये जपून ठेवा. दरवेळी टाइप करू नका.

५) चुकून भलतेच पान उघडले तर तिथे आधार नंबर, खाते नंबर किंवा ओटीपी टाकू नका. पान बंद करून पत्ता पुन्हा बघा.

घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले असतील त्यांना हा अंक वाचायला द्यावा आणि पहिली तपासणी त्यांच्याकडून आजच करून घ्यावी, ही विनंती.