पितरांची ढाल : ज्यू चिंतनातील श्रद्धा आणि संरक्षण

ऐधाब हे तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावरचे एके काळचे गजबजलेले बंदर. आज तिथे नुसते अवशेष आहेत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दावीद नावाच्या एका ज्यू व्यापाऱ्याने या बंदरातून कैरोतल्या आपल्या थोरल्या भावाला पत्र लिहिले. काफिल्यापासून वेगळे होऊन त्याने एकाच सोबत्याबरोबर वाळवंट पार केले होते. ते दोघे सुखरूप पोचले. काफिला मात्र वाटेत लुटला गेला, त्यातले काही मारले गेले, काही तहानेने मेले. इतके सोसून ऐधाबला यावे, तर निळीखेरीज विकत घेण्याजोगा मालच तिथे नाही. तेव्हा दावीदने हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजात बसायचे ठरवले. भावाने जिवाला घोर लावून घेऊ नये म्हणून तो लिहितो की, ज्याने मला वाळवंटात राखले तोच समुद्रातही राखील.

ते जहाज हिंदी महासागरात बुडाले आणि दावीद परत आला नाही. पत्र मात्र कैरोच्या एका सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीत, म्हणजे गेनिझात, शतकानुशतके टिकले. आज ते केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

ज्याला हे पत्र लिहिले तो थोरला भाऊ म्हणजे मोशे बेन मैमून. ज्यू परंपरेत त्याला रंबम म्हणतात, युरोपने त्याला मैमोनिडीज म्हटले. धर्मशास्त्रज्ञ, तत्त्ववेत्ता आणि वैद्य असा हा माणूस मध्ययुगातल्या ज्यू विचारविश्वाचा मेरुमणी. ११८५ साली अक्को शहरातल्या एका परिचिताला त्याने पत्र पाठवले, त्यात ही जखम अजून ओली आहे. भाऊ समुद्रात गेला, त्याच्याबरोबर घरचा आणि लोकांचा पैसा गेला. मागे लहानगी मुलगी आणि विधवा बायको राहिली. आपण ताप आणि गळवांनी वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो, असे तो लिहितो.

आणि याच माणसाने ११९० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ‘गोंधळलेल्यांचा वाटाड्या’ या अरबीतल्या महाग्रंथात, तिसऱ्या भागाच्या एक्कावन्नाव्या प्रकरणात, असे मांडले की माणसावरचे ईश्वराचे छत्र त्याच्या ईश्वराशी असलेल्या जवळिकीइतकेच असते. मन त्याच्या ठायी गुंतले आहे तोवर माणूस सुरक्षित, मन ढळले की तो उघडा पडतो. आधाराला त्याने एक्क्याण्णवावे स्तोत्र घेतले आहे. भावाला समुद्राने गिळल्यावर हे लिहिणाऱ्याला ‘सुरक्षित’ या शब्दातून काय म्हणायचे असेल? ज्यू चिंतनातल्या श्रद्धा आणि संरक्षणाच्या साऱ्या चर्चेचा पीळ मला या एका प्रश्नात दिसतो.

त्या स्तोत्राकडे आधी जायला हवे. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे ज्यूंच्या नित्यपाठात आहेत, पण संकटात ओठावर येते ते हे एक्क्याण्णवावे. आपल्याकडे तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणतात, तिला वज्रपंजर म्हणतात. या स्तोत्राची जागा ज्यू घरात साधारण तीच. रोगराई, रात्रीचे भय, सुटलेला बाण, साप, सिंह, सगळ्यांपासून अभय देणारे हे स्तोत्र. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील अकराव्या गुहेत सापडलेल्या एका गुंडाळीत ते भूतबाधा घालवण्याच्या पाठांच्या सोबतीने लिहिलेले आहे. तालमूदमध्ये त्याला संकटांचे गीत असेच नाव आहे.

तालमूद म्हणजे धर्मनियमांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वादविवाद, आणि वादाशिवाय तिथे काहीच सुटत नाही. रब्बी यहोशुआ बेन लेवी झोपण्यापूर्वी हे स्तोत्र म्हणत, असे तिथे सांगितले आहे. लगेच आक्षेप येतो : तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, वचनांनी रोग बरे करायला तर याच रब्बींनी मनाई केली होती, मग हे कसे? उत्तर मिळते की रक्षणाची गोष्ट वेगळी. झालेल्या जखमेवर वचनाचा मंत्र घालणे निषिद्ध, पण निजण्यापूर्वी स्वतःला त्याच्या हवाली करणे मान्य. फरक केसाएवढा आहे, पण ज्यू विचार पुढे शतकानुशतके याच केसावरून चालला आहे. ईश्वराचे वचन औषधासारखे वापरायचे, की त्या वचनात जाऊन राहायचे?

दारावरच्या मेझूझाबाबत हाच प्रश्न उभा राहतो. ज्यू घराच्या दाराच्या उजव्या चौकटीवर एक लहानशी डबी ठोकलेली असते. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या बावीस ओळी असतात : ईश्वर एकच आहे, त्याच्यावर सर्वस्वाने प्रेम करावे, ही वचने मुलाबाळांना शिकवावीत, असा त्यांचा आशय. जाता-येता लोक तिला बोट लावून ते ओठांना लावतात. मेझूझा घर राखते ही समजूत फार जुनी. ओन्केलोस नावाच्या धर्मांतरित रोमनाला धरून न्यायला बादशहाने शिपाई पाठवले, तेव्हा त्याने चौकटीवर हात ठेवून त्यांना विचारले, हे काय आहे ठाऊक आहे? जगाची रीत अशी की राजा आत बसतो आणि चाकर बाहेर पहारा देतात. इथे चाकर आत निजतात आणि राजा बाहेर राखण करतो. कथा सांगते की ते शिपाई परत गेले नाहीत, त्यांनीही तोच धर्म घेतला.

पुढे लोक मेझूझाच्या आतल्या बाजूला देवदूतांची नावे आणि चिन्हे लिहू लागले. रंबमने आपल्या धर्मसंहितेत त्यांची जी खरडपट्टी काढली आहे ती वाचण्यासारखी आहे. ईश्वराच्या एकत्वाची आणि प्रेमाची आज्ञा या मूर्खांनी स्वतःच्या सुखासाठी ताईत करून टाकली, यांना परलोकात वाटा नाही, इतके कडक त्याने लिहिले. मात्र पुढच्याच प्रकरणात तो म्हणतो की, ज्याच्या कपाळावर आणि दंडावर तेफिलीन, म्हणजे धर्मवचनांच्या डब्या, वस्त्राला झालर आणि दारावर मेझूझा आहे, त्याच्याभोवती आठवण करून देणारे पुष्कळ आहेत. हेच त्याला पापापासून वाचवणारे देवदूत. थोडक्यात, डबी चोर अडवत नाही. आत-बाहेर करणाऱ्याला जाग आणते, आणि रंबमच्या लेखी ती जाग हेच रक्षण.

देवावर भिस्त ठेवायची म्हणजे किती? रब्बींची इथली सावधगिरी मला फार मोलाची वाटते. आपल्यासाठी चमत्कार होईल म्हणून धोक्याच्या जागी उभे राहू नये, असा तालमूदचा स्पष्ट दंडक आहे. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बह्या इब्न पाकुदाने ‘हृदयाची कर्तव्ये’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे चौथे द्वार सबंध भरवशावर आहे. भरवशासाठी हिब्रू शब्द ‘बित्ताखोन’. ‘एमुना’ म्हणजे श्रद्धा, देव आहे आणि तो सत्य आहे ही मनाची धारणा. ‘बित्ताखोन’ म्हणजे तिच्यावर आपल्या जगण्याचा भार टाकणे. बह्या म्हणतो, भार टाका, पण शेत नांगरा, पेरा, धंदा करा. देव वाचवील म्हणून कोणी विष घेतले तर तो भरवसा नव्हे, आज्ञाभंग. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एकोणिसाव्या शतकातल्या नोवारडोक पंथाचे योसेफ योझेल होरोविट्झ जाऊन बसले. माणसाला खटपट सोडून निखळ भरवशावर जगता यावे, असा त्यांचा आग्रह. तो ध्यास थोर होता, पण रोजच्या संसाराला बह्याच अधिक जवळचा.

आता शिडीची गोष्ट. तोरामध्ये ज्या आज्ञांना दीर्घायुष्याचे उघड आश्वासन जोडलेले आहे त्यांतल्या या दोन : आईबापांचा मान राखावा, आणि घरट्यातली पिल्ले घेताना आधी आई पक्षिणीला उडवून लावावे. तालमूदमध्ये एक बाप मुलाला सांगतो, वर चढ आणि पिल्ले काढून आण. मुलगा चढतो. पक्षिणीला उडवतो, पिल्ले घेतो. एकाच वेळी दोन्ही आज्ञा पाळून उतरताना तो पडतो आणि मरतो. कुठे गेले त्याचे दीर्घायुष्य? एलिशा बेन अबुया हा मोठा विद्वान असेच काही पाहून श्रद्धेला पारखा झाला, असे एक मत तिथेच नोंदले आहे. त्याचाच नातू रब्बी याकोव म्हणतो, ते दीर्घायुष्य या जगातले नाही, पुढच्या जगातले. पण आज्ञा पाळायला निघालेल्याला इजा होत नाही, असे वचन आहे त्याचे काय? उत्तर येते : शिडी मोडकळीला आली होती.

तालमूदमधली ही सर्वांत धीट गोष्ट आहे असे मी मानतो. धर्मग्रंथाने आपल्याच आश्वासनाला पडलेला तडा आपल्याच पानावर नोंदवावा, त्यावरून श्रद्धा गमावलेल्याचे नावही पुसू नये, आणि शेवटी शिडीकडे बोट दाखवावे, याला मोठी छाती लागते. ज्या समाजाला शिडी तपासायचे भान आहे त्याचीच श्रद्धा मला विश्वासार्ह वाटते.

रंबमच्या त्या एक्कावन्नाव्या प्रकरणाने पुढच्यांची झोप उडवली. ग्रंथाचा हिब्रू अनुवाद करणारा शमुवेल इब्न तिब्बोन याने त्याविषयीच्या शंका ११९९ साली खुद्द लेखकालाच लिहून कळवल्या. अनुवादकाला सुचलेला एक अर्थ असा की, देवाशी जोडलेल्या माणसाला जे नुकसान होते ते त्याला अरिष्ट वाटेनासे होते. जहाज बुडते, पण त्याचे खरे धन बुडत नाही. हे वाचले की मला वर्षभर तापात पडलेला भाऊ आठवतो. त्याला ते अरिष्ट वाटले होते, आणि त्याने ते लपवले नाही.

या वादाला विसाव्या शतकात नवी धार आली. ल्युबाविच परंपरेतल्या हसिदी, म्हणजे ज्यू भक्तिपंथी, गुरूंनी चांगले चिंतले तर चांगलेच होईल असे शिकवले : पूर्ण भरवसा हाच कृपेला खाली खेचून आणतो. हझोन ईश या नावाने ओळखले गेलेले ब्नेई ब्राकचे अव्राहाम येशाया करेलिट्झ (१८७८–१९५३) यांनी निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या छोट्या पुस्तकात नेमके उलट सांगितले. शेवट गोड होणारच असे धरून चालणे हा भरवसा नाही, कारण भविष्य कोणालाच कळवलेले नाही. जे घडते ते आंधळ्या योगायोगाने घडत नाही, एवढे धरून उभे राहणे म्हणजे भरवसा. माझा कौल करेलिट्झ यांना आहे. त्यांची व्याख्या मोडक्या शिडीखालीही उभी राहते.

पण तीही सर्वांत कठीण जागी पुरते का, हे पाहायला वॉर्साच्या घेट्टोत जावे लागते. पियासेच्नो गावचे हसिदी गुरू कालोनिमुस काल्मान शापिरा यांचा एकुलता एक मुलगा सप्टेंबर १९३९ मधल्या बाँबहल्ल्यात जखमी होऊन वारला. तो इस्पितळात असताना बाहेर उभी असलेली सूनही बाँबने मारली गेली. त्यानंतर १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत शापिरा घेट्टोत प्रवचने देत राहिले आणि ती लिहून ठेवत राहिले. सुरुवातीच्या प्रवचनांत दुःखाला कारण शोधणे आहे, पश्चात्तापाची हाक आहे. हळूहळू सूर बदलतो. देव आतल्या दालनात एकटा रडतो, या तालमूदातल्या कल्पनेकडे ते पुन्हा पुन्हा वळतात. माणसाने आपले दुःख घेऊन त्या दालनात शिरावे, त्याच्यासोबत रडावे. इथे ढाल उरत नाही, सोबत उरते. आजाऱ्याच्या उशाशी शेखिना, म्हणजे ईश्वराचे सान्निध्य, बसलेले असते आणि लोक हद्दपार झाले तेव्हा तेही त्यांच्याबरोबर हद्दपार झाले, असे प्राचीन रब्बींनी म्हटले होतेच. १९४१ साली शापिरा यांनी लिहिले होते की अशी संकटे आपल्यावर पूर्वीही आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांनी त्याच प्रवचनाला टीप जोडली : हे पूर्वी कधी झाले नव्हते. कागद जमिनीत पुरले गेले. नोव्हेंबर १९४३ मध्ये शापिरा मारले गेले. युद्धानंतर त्या उद्ध्वस्त शहरात कागद सापडले आणि १९६० साली ‘पवित्र अग्नी’ या नावाने छापले गेले.

एवढे सगळे होऊनही ज्यू माणूस दर वर्षी तिश्री महिन्याच्या पौर्णिमेला, पुष्कळदा आपल्या कोजागिरीच्याच रात्री, सुक्का नावाच्या झावळ्यांच्या मांडवात जेवायला बसतो. जोहार या गूढग्रंथात या मांडवाला श्रद्धेची सावली म्हटले आहे. छपरातून चांदण्या दिसाव्यात अशी प्रथा. पाऊस येऊन ताटातले अन्न नासू लागले तर घरात जायला शास्त्राची परवानगी आहे.

आपल्या मराठी मुलखातही ही ढाल पोचली आहे, तीही समुद्रमार्गेच. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ पाण्यात गेले, राहिली ती ‘शेमा’ ही एकेश्वराची प्रार्थना. तीच त्यांनी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली. घाणे चालवताना शनिवार पाळला, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. अडचणीतून सुटका झाली की हा समाज एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा करतो. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या शमुवेल यहेज्केल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले. ‘शार हारहमीम’, दयेचे द्वार.

दावीदला गिळणारा समुद्र आणि त्या सात जोडप्यांना किनाऱ्याला लावणारा समुद्र एकच. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचे नाव ‘मागेन आबोत’ आहे. या हिब्रू शब्दांचा अर्थ पितरांची ढाल.