शहराच्या आराखड्यात आपला मोहल्ला कुठे?

मार्च 2022 मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने 'मुंबई हवामान कृती आराखडा' जाहीर केला. 2050 पर्यंत शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याआधी, 2030 पर्यंत, ते 2019 च्या तुलनेत 30 टक्क्यांनी कमी करायचे आहे. 'निव्वळ शून्य' म्हणजे धूर अजिबात निघणार नाही असे नव्हे. उष्णता धरून ठेवणारे जेवढे वायू आपण हवेत सोडू, तेवढेच झाडांनी किंवा दुसऱ्या मार्गाने शोषले गेले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. उद्दिष्ट मोठे आहे आणि चांगलेही आहे. पण ते अमलात आणणार कोण?

हिशेब कुणाच्या घरचा?

2019 मध्ये मुंबईने सुमारे 2 कोटी 34 लाख टन हरितगृह वायू हवेत सोडले. माणशी हिशेब केला तर वर्षाला दोन टनांच्या थोडे खाली. यातला 70 टक्क्यांहून अधिक वाटा घरे, दुकाने, कचेऱ्या आणि कारखाने यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आहे. त्यातही मुख्य वाटा विजेचा, कारण आपली बहुतेक वीज कोळसा जाळून तयार होते. साधारण पाचवा हिस्सा वाहनांचा आणि उरलेला कचऱ्याचा. म्हणजे हा हिशेब मंत्रालयातल्या फायलींपेक्षा आपल्या स्विचबोर्डवर, बसस्टॉपवर आणि कचऱ्याच्या डब्यात जास्त दडलेला आहे. घराघरांतून साथ मिळाल्याशिवाय नुसत्या आदेशाने तो बदलणार नाही.

सातवीच्या वर्गात मी मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगितले. एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरून गणित मांडले. जुना पंखा साधारण 75 वॅटचा, नवा कमी विजेचा पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सुमारे 16 युनिटची बचत, म्हणजे 11 किलो कार्बन कमी आणि बिलही कमी. मुले खूश झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, आमच्या घरी एक पंखा आणि एक बल्ब. आम्ही काय कमी करायचं?"

तिचा प्रश्न रास्त आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, पाण्यासाठी रांग लावतात आणि कामावर पायी किंवा लोकलने जातात. त्यांना 'काटकसर करा' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांचा सहभाग वेगळा आहे. निर्णय घेताना त्यांचे म्हणणे ऐकले जाणे, हा तो सहभाग.

देवनारचा धडा

देवनारचे डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचे. त्याला लागून गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या आहेत. जानेवारी 2016 मध्ये तिथल्या कचऱ्याला मोठी आग लागली. धूर शहरभर पसरला आणि परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा ढिगाऱ्याखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट अधिक उष्णता धरून ठेवतो आणि पेटतोही लवकर. कचरा साऱ्या शहराचा, पण खोकला सर्वांत आधी ढिगाऱ्याशेजारच्या मुलांना. कचऱ्याचे नियोजन करताना शिवाजीनगरच्या आयाबहिणींना कुणी विचारले नाही, तर ते नियोजन अपुरेच राहणार.

विचारले गेले, पण पुरेसे का?

आराखडा तयार होत असताना, 2021 मध्ये, पालिकेने नागरिकांकडून सूचना मागवल्या होत्या. ही चांगली सुरुवात होती. मात्र 7 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि त्याच महिन्यात आराखडा आला. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. ज्या नगरसेवकाकडे जाऊन वस्तीचे गाऱ्हाणे मांडायचे, तोच नव्हता. अशा काळात लोकांना विचारण्याची दुसरी वाट आणखी रुंद असायला हवी होती.

तशा वाटा आपल्याकडे नाहीत असे नाही. पुणे महापालिकेने 2006 पासून नागरिकांकडून प्रभागातील कामांच्या सूचना घेऊन त्यांचा अंदाजपत्रकात समावेश करण्याची पद्धत सुरू केली. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांच्या 'एएलएम' समित्या उभ्या राहिल्या आणि कित्येक गल्ल्यांनी ओला कचरा जागेवरच जिरवून दाखवला. मात्र अशा समित्या बहुतेक बांधीव इमारतींच्या भागांत रुजल्या. त्या चाळींत आणि वस्त्यांतही पोहोचल्या पाहिजेत.

आपण काय करू शकतो?

पहिले काम घरातले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे बंधनकारकच आहे. गाडीवाला दोन्ही एकत्र करत असेल, तर गल्लीतल्या दहा घरांनी मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी कळवावे. एकट्याच्या तक्रारीपेक्षा दहा सह्यांना वजन असते.

दुसरे, सोसायटीचे. 'पीएम सूर्यघर' योजनेत गृहनिर्माण संस्थांना जिना, पंप, लिफ्ट अशा सामायिक वापराच्या सौर यंत्रणेसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपयांचे अनुदान आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यायला सेक्रेटरींना सांगा.

तिसरे काम विचारण्याचे. 2024 पासून मुंबई पालिका हवामानाशी संबंधित खर्चाचा वेगळा अहवाल काढते. पहिल्याच वर्षी हा आकडा दहा हजार कोटींहून अधिक होता. त्यातले आपल्या वॉर्डात किती आणि कशावर, हे विचारण्याचा प्रत्येक रहिवाशाला हक्क आहे.

पालिकेनेही थोडे पुढे यावे. सभा मोहल्ल्यात, शाळेच्या हॉलमध्ये घ्यावी. बायकांना सवड असेल अशी वेळ ठेवावी. बोलणे मराठीत, हिंदीत, उर्दूत, जिथे जी भाषा चालते तिथे तीत व्हावे. कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का, हे पुढच्या सभेत सांगावे. उत्तरच मिळाले नाही तर माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

आणि सूचना देताना 'पर्यावरण वाचवा' असे लिहू नका. लिहा: "आमच्या शाळेसमोरच्या बसस्टॉपला सावली नाही, सकाळच्या दोन बसमध्ये चाळीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून मुले रिक्षाने जातात. इथे छप्पर द्या आणि एक फेरी वाढवा." खाली सह्या करा, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि दुसरीवर वॉर्ड ऑफिसचा पोहोच-शिक्का घ्या.