वर्षानुवर्षं घ्यायची गोळी कोणती?

‘डॉक्टर, यातलं सगळ्यात चांगलं औषध कोणतं?’ ओपीडीत एखादी आई असं विचारते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पुढची वीस-तीस वर्षं असतात. स्किझोफ्रेनिया बहुतेकदा ऐन विशीत गाठतो आणि अनेकांना औषध दीर्घकाळ घ्यावं लागतं.

हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत सरकारी पैशातून एक मोठा अभ्यास झाला. ‘केटी’ या नावाने तो ओळखला जातो. आजार जुना झालेले १,४९३ रुग्ण, १८ महिन्यांची मुदत आणि पाच औषधं. त्यांतली ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन आणि झिप्रासिडोन ही चार तेव्हा नवी आणि महाग, तर पर्फेनाझिन जुनं आणि स्वस्त. २००५ मध्ये निष्कर्ष आले. ७४ टक्के रुग्णांचं ठरवून दिलेलं औषध मुदतीआधीच बंद पडलं होतं. कुणाला गुण आला नाही, कुणाला त्रास सोसवेना, आणि बऱ्याच जणांनी आपणहून ‘आता नको’ म्हटलं. त्यातल्या त्यात तग धरला ओलान्झापिनने, पण तेही ६४ टक्के जणांचं सुटलंच. शिवाय त्यावरच्या रुग्णांचं वजन महिन्याला सरासरी जवळपास एक किलोने वाढत होतं. जुनं पर्फेनाझिन बाकीच्या नव्या औषधांच्या जवळपास बरोबरीने टिकलं. माझ्या मते या अभ्यासाचं खरं देणं हेच, की ‘नवं म्हणजे चांगलं’ हा समज मोडला.

मग निवड करायची कशावर? बरीचशी त्रासावर. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांनी स्नायू आखडतात, हात थरथरतो, कपातला चहा बशीत सांडतो. काहींना एका जागी बसवतच नाही. भरल्या ताटावरून उठून मुलगा खोलीत फेऱ्या मारू लागतो. घरच्यांना वाटतं, आजार उसळला. गोळी वाढवली जाते आणि फेऱ्याही वाढतात. हा औषधाचाच परिणाम आहे, असं वेळेवर कुणी सांगितलं तर केवढा छळ वाचेल! वर्षानुवर्षांच्या वापरानंतर ओठ-जीभ आपोआप हलत राहण्याचा धोकाही याच औषधांत अधिक. रिस्पेरिडोनने पाळी थांबू शकते. मुली ते लाजेने सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. अरिपिप्राझोल वजनाला सौम्य, पण त्यानेही अस्वस्थ येरझारा सुरू होऊ शकतात. ज्या घरात मधुमेह आहे, तिथे ओलान्झापिन सुरू करण्याआधी वजन, कंबर आणि साखर मोजायलाच हवी.

औषधच नको, हा मार्ग मात्र महागात पडतो. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ने ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला, तर बंद करून औषध नसलेल्या प्लासिबोवर ठेवलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा.

म्हणूनच घरोघरी आमटीत गोळी कुटून घातली जाते. त्यामागची अगतिकता कळते, पण ज्याला आधीच जेवणात विष कालवल्याचा संशय आहे, त्याला एक दिवस वाटीच्या तळाशी पांढरा चुरा दिसतो. मग त्याला कुठल्या तोंडाने समजवायचं? दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलची इंजेक्शनं आणि महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं पॅलिपेरिडोन, हे पर्याय रुग्णाशी उघड बोलून निवडता येतात.

दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही भास थांबत नसतील, तर मात्र तुलना संपते. तिथे क्लोझापिनच. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण दगावले आणि ते बहुतेक ठिकाणी मागे पडलं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने त्याला परत आणलं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत क्लोझापिनने ३० टक्के जणांना सहा आठवड्यांत फरक पडला, क्लोरप्रोमाझिनने अवघ्या ४ टक्क्यांना. फिनलंडच्याच नंतरच्या दीर्घ नोंदींत क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी आढळलं. तरीही रक्ततपासणीच्या कटकटीपायी हे औषध वर्षानुवर्षं लांबणीवर टाकलं जातं, आणि ती वर्षं रुग्णाला परत मिळत नाहीत. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पेशी मोजायच्या, पुढे साधारण महिन्याला एकदा. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी रक्तपेशींची तपासणी (सीबीसी). बद्धकोष्ठही हसण्यावारी न्यायचं नाही, त्यातून आतडं बंद पडून जीव जाऊ शकतो.

आणि बिडी. तिच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. रोज बंडल संपवणारा रुग्ण एकाएकी थांबला, किंवा बिडी चालत नाही अशा वॉर्डात भरती झाला, की त्याच गोळ्यांनी रक्तातलं औषध चढतं, गुंगी येते, क्लोझापिनच्या बाबतीत फिट येण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे बिडी सोडायचं ठरलं, की सोडण्याआधीच डॉक्टरांना कळवून डोस ठरवून घ्यावा.