सांगोल्याचे आबा : बोलणं कमी, भरवसा मोठा

आपल्याकडं 'आबा' म्हणजे घरातला आजा. सोप्यात बसलेला, फार न बोलणारा. पण बैल आजारी पडला, बांधाचा वाद निघाला, सोयरीक मोडायला आली की सगळं घर त्याच्याच तोंडाकडं बघतं. सांगोला तालुक्यात मात्र नुसतं 'आबा' म्हटलं, तर दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढं एकच माणूस उभा राहतो. तो म्हणजे गणपतराव देशमुख. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात वयाच्या 94 व्या वर्षी ते गेले, आणि घरचाच आजा गेल्याची हळहळ माणदेशात पसरली.

आबांचं मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर. वकिली शिकून ते सांगोल्यात आले आणि सांगोल्याचेच झाले. 1962 साली शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा विधानसभेवर गेले आणि 2014 पर्यंत एकूण 11 वेळा निवडून आले. पक्ष तोच, मतदारसंघ तोच. राज्यात शेकापची ताकद घटत गेली, भोवतालच्या पुढाऱ्यांनी दोन-दोन, तीन-तीन झेंडे बदलले, पण आबांनी झेंडा सोडला नाही. मंत्रिपद दोनदाच वाट्याला आलं, 1978 आणि 1999 साली. बाकी सारा काळ विरोधी बाकावर गेला. आमदार असूनही एसटीनं प्रवास करणारा माणूस ही त्यांची ओळख राज्यभर झाली, ती कुणी जाहिरात करून नव्हे. स्टँडवरच्या लोकांनी ते डोळ्यांनी बघितलेलं होतं.

हार त्यांनाही चुकली नाही. 1972 साली ते पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 साली शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी हरवलं. सत्तरीकडं झुकलेल्या माणसानं त्यानंतर घरी बसायला हरकत नव्हती. पण आबा 1999 ला पुन्हा उभे राहिले, निवडून आले, आणि पुढच्या तिन्ही निवडणुकांतही जिंकले.

हे कशाच्या जोरावर झालं, ते समजायला सांगोल्याची जमीन बघावी लागते. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही भरवशाचा नाही. माण नदी नावाला नदी, एरवी वाळूच. नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं, पण सांगोला त्याच्या शेपटाला. शेपटाचं दुखणं ठाऊक नाही असा शेतकरी इकडं सापडणार नाही. वरच्याचं भिजून उरलं तर खालच्याला मिळायचं. अशा तालुक्याच्या आमदाराचं खरं काम भाषणात नसतं, फायलीत असतं. कुठल्या फाट्याला किती पाणी मंजूर, कुठलं पत्र कुठल्या टेबलावर अडलं, अंदाजपत्रकात किती रुपये धरले, याचा माग ठेवावा लागतो. आबांची ख्याती त्याच कामाची. विधानसभेत आवाज न चढवता, आकडे हातात घेऊन बोलायचे.

कृष्णेच्या पाण्याची गोष्ट तर मोठीच आहे. बच्छावत लवादानं 1976 साली पाणी वाटून दिलं आणि फेरविचाराची मुदत 31 मे 2000 नंतरची ठेवली. त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवून वापरात आणलं नाही तर ते हातचं जाईल, अशी धास्ती होती. 1993 पासून आटपाडीत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरू लागल्या. सातारा, सांगली, सोलापूर जिल्ह्यांतले 13 दुष्काळी तालुके एका मागणीवर आले. त्या व्यासपीठावर आबा होते. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं आणि खानापूर, आटपाडी करत सांगोल्याच्या रानात आणायचं, ही योजना त्याच काळात आकाराला आली.

एक सवाल तालुक्यात उघड विचारला जातो. इतकी वर्षं आमदारकी, मग पाणी एवढं उशिरा का? सवाल चुकीचा नाही. एक पिढी वाट बघण्यात म्हातारी झाली, कितीकांची पोरं कामासाठी मुंबई-पुण्याला गेली. विरोधी बाकावरच्या माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली नसते, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की शेवटच्या तालुक्याला पाणी शेवटीच पोचतं, आणि तोवर कुणीतरी दाराशी उभं राहून तगादा लावावा लागतो. तो तगादा आबांनी सोडला नाही.

पाण्याची वाट बघत तालुका बसून राहिला नाही. शेतकऱ्यांच्या सहकारी सूतगिरणीची उभारणी आबांनी केली. राज्यातल्या कितीतरी गिरण्यांना कुलपं लागली असताना सांगोल्याच्या गिरणीचं नाव चांगल्या कारभारासाठी घेतलं जायचं. दुसरीकडं 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि ठिबकवर, शेततळ्यावर इथल्या शेतकऱ्यानं माळरानावर डाळिंब पिकवलं. पुढं तेल्यानं बागा पोळल्या, अलीकडं खोडकिडीनं उभी झाडं वाळवली. काहींनी बागा मोडल्या, काही पुन्हा लावत आहेत.

आबांनी 2019 साली वयामुळं निवडणूक लढवली नाही. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि 768 मतांनी पडले. 2024 साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले. आजोबाचं नाव नातवाला पहिल्या पायरीपर्यंत नेतं. पुढच्या पायऱ्या ज्याच्या त्यानं चढायच्या असतात, आणि सांगोल्याचा मतदार 192 मतांचाही हिशेब करतो.

शेतकऱ्यानं आणि गावच्या अधिकाऱ्यांनी आबांकडून घ्यायचं ते एवढंच. फोटोला हार घालणं सोपं आहे. शेपटाच्या शेतकऱ्याचा पाणी मागणी अर्ज वेळेत पुढं पाठवणं, पाणी वापर संस्थेचं दप्तर चोख ठेवणं, चारीतला गाळ आवर्तनाआधी काढून घेणं, हे बिनआवाजाचं काम अवघड. त्याला टाळ्या पडत नाहीत. पण शेवटच्या चारीला पाणी येतं, ते असल्याच कामातून.