तुझी दुबई दाखव की!

‘‘भाऊ, चार दिवसांत सगळी दुबई दाखवायची बरं का! तू स्टेटसला टाकतोस ना, ते सगळं बघायचंय.’’ व्हिसा हातात पडल्या पडल्या उदगीरकरचा व्हॉइस मेसेज आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण स्टेटसला जे दिसतं, ते मी स्वतः दोन वर्षांत फार तर तीन-चारदा पाहिलंय.

आधी ओळख करून देतो. मी औशाचा. नांदेडला इंजिनिअरिंग करताना होस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघं होतो. उदगीरकर, कंधारकर आणि मी. ही आडनावं नाहीत, होस्टेलवर गावाच्याच नावानं हाका मारायची रीत होती. सध्या मी दुबईत एसी मेन्टेनन्सला आहे. लोक ज्या मॉलमध्ये गारव्याला येतात, त्या मॉलच्या गच्चीवर उन्हात उभं राहून मशिनी तपासायच्या, हे आमचं काम. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्यानंच बंद असतं, तेवढीच सुटका. पोरं जानेवारीत आली हे बरं झालं.

‘‘हॉटेल कशाला, तुझ्याच रूमवर पडतो की,’’ असं दोघंही म्हणाले होते. ‘‘कंपनी अलाऊ करत नाही,’’ मी ठोकून दिलं. थापच होती ती. मग देरा भागात एक स्वस्तातलं हॉटेल बघून दिलं.

पहिला दिवस सगळ्यांचा असतो तसाच गेला. बुर्ज खलिफा. ८२८ मीटर उंच. खालून फोटो काढायचा तर फरशीवर आडवं व्हावं लागतं, आणि उदगीरकर झालाच आडवा. वर जायचं तिकीट आम्ही काढलं नाही. संध्याकाळचे कारंजे फुकटात बघितले. मेट्रोत मात्र एक घोळ होता होता राहिला. दुबईची मेट्रो २००९ साली सुरू झाली, ती ड्रायव्हरशिवाय चालते. त्यामुळं टोकाच्या डब्यातून समोरचा सगळा रस्ता दिसतो. उदगीरकर जाऊन बसला थाटात. तो गोल्ड क्लास होता! साध्या कार्डावर तिथं सापडलं की शंभर दिरहम दंड. पुढच्या स्टेशनला दंडाला धरून बाहेर ओढला त्याला.

दुसऱ्या दिवशी समुद्र. कंधारकरनं तो पहिल्यांदाच पाहिला. तसा त्याच्या गावात ‘समुद्र’ आहे. किल्ल्याजवळचा राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव, जगत्तुंग समुद्र. आपल्या मराठवाड्याला किनारा नाही, म्हणून बहुतेक आपण तळ्यालाच समुद्र आणि धरणालाच नाथसागर म्हणून मोकळे होतो. जुमेराच्या किनाऱ्यावर बूट हातात घेऊन तो कितीतरी वेळ नुसता उभा होता. मग ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, थुंकलं आणि विचारलं, ‘‘मग ही माणसं पितात काय?’’

प्रश्न लातूर-नांदेडच्या पोरालाच सुचावा असा. इथं नदी नाही, पाऊस नावाला. नळाला येतं ते जवळपास सगळं याच समुद्राचं पाणी, मीठ काढून गोडं केलेलं. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी शाळेत होतो. घागरी मांडायचं काम माझ्याकडंच होतं. दुबईत आलो त्या रात्री शॉवरखाली वीस मिनिटं उभा होतो. बाहेर आल्यावर उगाच कुणीतरी रागावेल असं वाटलं. हे त्या दोघांना सांगितलं तर ते हसले नाहीत.

तिसरा दिवस माझ्या आवडीचा, क्रीकचा. क्रीक म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध शिरलेली खाडी. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मधे लाकडी होड्या चालतात, त्यांना ‘अब्रा’ म्हणतात. भाडं एक दिरहम, म्हणजे आपले चोवीसएक रुपये. शहरातली सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात भारी राईड. कडेच्या धक्क्यावर मोठ्या लाकडी गलबतांत फ्रीज, टायर, बिस्किटांचे खोके भरत असतात, ते सगळं इराण, सोमालियाकडं जातं.

तेलामुळं दुबई झाली असं आपण धरून चालतो. तेल सापडलं १९६६ साली. त्याआधीच, १९६०च्या आसपास, कर्ज काढून या खाडीतला गाळ उपसला होता, मोठ्या होड्या आत याव्यात म्हणून. त्याच्याही आधी इथली माणसं बुडी मारून मोती काढायची आणि तो मोती विकायला मुंबईला जायचा. पुढं जपानचा कल्चर मोती आला आणि धंदा बसला. सगळ्यात गंमत म्हणजे १९६६पर्यंत इथं चलन आपला रुपया होता! त्यातून सोन्याची तस्करी वाढली, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. दिरहम आला १९७३ला. ‘‘म्हणजे आपण रुपयाचे दिरहम करायला आलाव आणि हे आधी रुपयेच वापरायले होते?’’ उदगीरकर म्हणाला. कंधारकर गप्प होता. सकाळपासूनच.

दुपारी जेबेल अलीच्या गुरुद्वाऱ्यात गेलो. ही खास नांदेडकरांसाठीची जागा, कुठल्याच टूर पॅकेजमध्ये नसते. गुरु नानक दरबार २०१२ साली सुरू झालं. जाताना समुद्राच्या बाजूला धुराड्यांची रांग दिसते. वीज आणि गोडं पाणी तिथंच तयार होतं. ‘‘ही आपली मिरज,’’ मी म्हणालो. इथं कुणालाही गाव सांगायचं झालं की मी ‘‘हैदराबादच्या बाजूला’’ नाहीतर ‘‘मुंबईकडं’’ म्हणतो, नांदेड-लातूर कुणाला कळत नाही. लंगरमध्ये वाढणाऱ्या एका वयस्कर सरदारजींनी विचारलं, कहाँ से? ‘‘नांदेड,’’ कंधारकर म्हणाला. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. ‘‘हुजूर साहिब?’’ आणि दोन्ही हात जोडले. मग आमच्या ताटात आग्रहानं आणखी वाढलं. पंचवीस वर्षं ट्रक चालवला म्हणाले, एकदा हुजूर साहिबला जायचंय. आम्ही तिघं होस्टेलचा डबा चुकला की तिथंच लंगरला जायचो, हे काही त्यांना सांगवलं नाही.

परत येताना मेट्रोत कंधारकर हळूच म्हणाला, ‘‘आता तुझी रूम दाखव.’’

‘‘अरे, कंपनी...’’

‘‘दाखव बे.’’

नेलं. करामातली जुनी बिल्डिंग. एका खोलीत तीन बंक, सहा माणसं. माझा खालचा, त्याला चादरीचा पडदा. पडद्याच्या आत एक खिळा, खिळ्याला घरचा फोटो, उशाला मेतकुटाचा डबा. भाडं महिन्याला ८०० दिरहम. वरच्या बंकवरचा केरळचा भाऊ नाईट करून झोपला होता, म्हणून कुजबुजत बोलावं लागलं. उदगीरकर म्हणाला, ‘‘होस्टेल बरं होतं की.’’ कंधारकर बंकवर बसला आणि म्हणाला, ‘‘मी फिरायला नाही आलो.’’

मग सगळं बाहेर आलं. गावाकडच्या एका एजंटनं त्याला सांगितलं होतं, व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेलास की कंपनी लगेच घेते. एकूण दीड लाख. सोयाबीनच्या पैशातले ४० हजार दिले होते, बाकीचे जॉइन झाल्यावर. खिशात कंपनीचं नाव-पत्ता लिहिलेला कागद होता. मला विचारलं का नाही, असं मी म्हणणार होतो. पण तो कशाला विचारेल? मी दोन वर्षं त्याला कारंजे दाखवत होतो.

जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. व्हिजिट व्हिसावर काम करणं इथं गुन्हा आहे. खरी कंपनी आधी ऑफर लेटर देते, वर्क परमिट काढते, आणि भरतीचा खर्च इथल्या कायद्यानं मालकाचा असतो. आपल्याकडच्या एजंटला सरकारी लायसन्स लागतं, नंबर ‘ई-मायग्रेट’च्या साइटवर तपासता येतो. त्याची फी जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, तीही पावती घेऊन. एजंटनं यातलं काहीच दिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी उदगीरकरला सोनं बघायचं होतं. ते राहिलं. आम्ही तिघं तो पत्ता शोधत निघालो. बिल्डिंग होती. लिफ्टही होती. लिहिलेल्या मजल्यावर एक ट्रॅव्हल ऑफिस आणि एक दाताचा दवाखाना होता. रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीनं कागद बघितला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘तुम्ही या महिन्यातले तिसरे.’’

खाली आलो, तिघांनी एक-एक दिरहमचा कडक चहा घेतला. कंधारकरनं तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला आणि विचारलं, ‘‘परत अब्रात बसायचं का?’’ दोनदा इकडून तिकडं गेलो.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. एजंटनं १५ हजार परत केलेत, उरलेले दिवाळीनंतर म्हणतोय. तक्रारीचा अर्ज लिहून ठेवलाय. मग म्हणाला, एसीचा एखादा कोर्स नांदेडात कुठं आहे बघायलो, पण आधी तू खरं सांग, पगारातून महिन्याला हातात उरतं किती? मी आकडा सांगितला. पहिल्यांदाच.